ही खुर्ची रिकामी का झाली?

ॲडमिनच्या कामात दिवसभर कुणाला आपली आठवण झाली नाही, तर तो दिवस चांगला गेला असं समजायचं. एसी चालू आहे, पाण्याचे जार आलेत, कुरिअर गेलंय, हाउसकीपिंगच्या मावशी वेळेवर आल्यात. हे सगळं आपोआप होतं असा ऑफिसातल्या बाकीच्यांचा समज असतो आणि तो समज टिकवण्याचाच आपल्याला पगार मिळतो. अडचण येते ती साहेबांचाही तोच समज असेल तेव्हा.

मी धनकवडीत राहते. जुलै २०१९ ते जुलै २०२४ अशी पाच वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ॲडमिन एक्झिक्युटिव्ह होते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पहिली साडेतीन वर्षं बरी गेली. मग साहेब बदलले. नवे साहेब ओरडायचे, पण ओरडणं सहन होतं. पुण्यात रोज दुचाकी चालवणाऱ्या माणसाला ओरडणं ऐकायची सवय असते. सहन न होणारी गोष्ट वेगळी होती. ते तोंडी सांगायचे आणि नंतर म्हणायचे, "मी असं म्हणालोच नव्हतो."

२०२३ च्या दिवाळीला काजूकतलीचे १४० बॉक्स सांगायला लावले. बॉक्स आले, बिल अकाउंट्सला गेलं आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढे कुणी सांगितले तुला?" आपल्या हातातून पैसे जातात. पेटी कॅश म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, व्हाउचर, व्हेंडरची म्हणजे माल आणि सेवा पुरवणाऱ्यांची बिलं. तिथे "म्हणालोच नव्हतो" याचा अर्थ फक्त अपमान असा होत नाही, तो आळ असतो. त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा जॉब पोर्टलवरचं प्रोफाइल उघडलं. त्यात शेवटची नोंद लॉकडाउनच्या आधीची होती.

नवीन लोक इथे जी चूक करतात तीच मी केली. रागाच्या भरात दोन तासांत चाळीस ठिकाणी अर्ज टाकले. त्यातून आले ते तीन फोन "रजिस्ट्रेशन फी भरा, प्लेसमेंट नक्की" वाल्या कन्सल्टन्सींचे. उमेदवाराकडून आधी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवायचा. कंपनीला माणूस हवा असेल तर कन्सल्टन्सीचे पैसे कंपनी देते.

बायोडेटा बघितला तर त्यात लिहिलं होतं, "ॲडमिनची सर्व कामे पाहते." हे वाक्य वाचून कुणीही मला घेणार नव्हतं. वाईट साहेबांच्या हाताखाली वर्षभर काढलं की आपण काय काम करतो हे आपल्यालाच आठवेनासं होतं, फक्त काय चुकलं ते आठवत राहतं. मग मी एक दोनशे पानी वही घेतली आणि महिनाभर रोज संध्याकाळी दिवसभरात केलेलं काम लिहिलं. एसी, लिफ्ट, यूपीएस, झेरॉक्स मशीन यांचे एएमसी, म्हणजे देखभालीचे वार्षिक करार, किती, कधी संपतात. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्यांच्या कामगारांचं पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं चलन भरलंय का ते तपासणं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागणारा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, त्यासाठी लायसन्सधारक एजन्सीमागे लागणं. महिनाअखेर वहीतून जो बायोडेटा निघाला तो दीड पानाचा होता आणि त्यात "सर्व कामे" हे शब्द नव्हते. नवीन मुलांना मी हेच सांगते, बायोडेटाचे नमुने नंतर शोधा, आधी महिनाभर वही लिहा.

दुसरी सवय लावून घेतली ती बचावासाठी. साहेबांनी तोंडी काही सांगितलं की जागेवर येऊन दोन ओळींचा मेल: "आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक ऑर्डर देत आहे. काही बदल असल्यास दुपारी तीनपर्यंत कळवावे." पहिल्या मेलला ते चिडले. चौथ्यानंतर त्यांनी "म्हणालोच नव्हतो" म्हणणं जवळजवळ बंद केलं, आणि ओरडणं वाढवलं. चालेल, म्हटलं.

आता पाच वर्षांचं गणित. मी शोधाला लागले तेव्हा साडेचार वर्षं झाली होती. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम. तिच्यासाठी तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात सलग पाच वर्षांची अट होती. तेव्हाचा हिशोब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होईल तिचा २६ ने भागून १५ दिवसांचा पगार काढायचा आणि वर्षांनी गुणायचं. माझा बेसिक १८,००० होता, वेगळा महागाई भत्ता नव्हता. म्हणजे ५१,९२३ रुपये. नवरा म्हणाला, "सोड, तब्येतीपेक्षा पन्नास हजार मोठे नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "सहा महिन्यांनी काय होतंय?" मी सासूबाईंचं ऐकलं, आणि त्याचं कारण पैसे एवढंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १५ जुलैला गोल केला आणि त्या दिवसापासून साहेबांचा आवाज जरा लांबून येऊ लागला. मुदत ठरली की माणूस बरंच सोसतो. अर्थात अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं असलं काही असेल तर मुदतबिदत बघायची नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, तिथे लेखी तक्रार द्यायची. माझ्या बाबतीत ते नव्हतं, म्हणून थांबता आलं.

मुलाखतींसाठी माझ्याकडे एक हुकमी एक्का होता, गुरुवार. भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी आणि बाकी शहर त्या दिवशी कामावर. खोटी आजारपणं न काढता मी चार महिन्यांत सात मुलाखती दिल्या. गुरुवारच्या सुट्टीला मी पाच वर्षं शिव्या घातल्या होत्या, कारण घरात बाकी सगळ्यांना रविवार. त्या परत घेतल्या.

पहिली मुलाखत बाणेरला. "सध्याची नोकरी का सोडताय?" असं विचारल्याबरोबर मी दहा मिनिटं साहेबांबद्दल बोलले, काजूकतलीसकट. समोरच्या गृहस्थांनी हळूच पेनचं टोपण लावलं. ते टोपण मला अजून दिसतं. त्यांची चूक नव्हती. त्यांना एवढंच कळलं की ही बाई उद्या आपल्याबद्दलही कुठेतरी असंच बोलणार. पुढच्या वेळेपासून माझं उत्तर ठरलेलं: "पाच वर्षं होत आली, कामाचा आवाका वाढवायचाय. आणि धनकवडी ते भोसरी रोज जमत नाही." पुण्यात प्रवासाच्या कारणावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. विचारणारा स्वतःच कुठल्या तरी चौकात पाऊण तास अडकून आलेला असतो.

एक-दोन शिक्षणसंस्थांतही गेले. तिथे खासगी कंपनीत कुणी न विचारणारी दोन प्रमाणपत्रं मागितली, एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आणि टायपिंग. टायपिंग म्हणजे राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. माझ्याकडे मराठीचं नव्हतं. ज्यांना संस्थांत लिपिक किंवा कार्यालयीन सहायक म्हणून जायचंय त्यांनी ते आधीच करून ठेवावं.

खराडीच्या एका कंपनीने पहिल्याच भेटीत हो म्हटलं. पगार सहा हजारांनी जास्त, केबिन काचेची. मी तिथेच होकार देणार होते. बाहेर पडताना रिसेप्शनवरच्या मुलीला सहज विचारलं, "ही जागा रिकामी कशी झाली?" तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, वर्षात तिसऱ्या येताय तुम्ही." मी जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले. सहा हजार मोठी रक्कम आहे. नाही म्हणताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. आगीतून निघून फुफाट्यात पडायची घाई झालेली असते आपल्याला, कारण आगीत बसून फुफाटा दिसत नाही.

तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी मी हा प्रश्न समोरच्यालाच विचारू लागले, नीट आवाजात: "याआधी हे काम कोण बघत होतं, आणि त्यांनी का सोडलं?" चांगल्या ठिकाणी सरळ उत्तर येतं. लग्न होऊन नाशिकला गेली, निवृत्त झाले, अकाउंट्समध्ये बढती मिळाली. जिथे "हल्लीच्या मुलांना काम नको असतं" असं उत्तर आलं, तिथे मी परत फोन केला नाही.

पण खरी माहिती मला दिली व्हेंडर लोकांनी. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपल्याला स्टेशनरी देणारा, एसी दुरुस्त करणारा, कुरिअरवाला, हे दिवसाला दहा ऑफिसं फिरतात. कुठला साहेब कसा आहे हे त्यांच्याइतकं एचआरलाही ठाऊक नसतं. आमच्याकडे स्टेशनरी द्यायला एक काका यायचे, दुकान अप्पा बळवंत चौकाजवळ. एकदा चलनावर सही करता करता मी त्यांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "शिवाजीनगरला एक इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी आहे, प्लॉटरचे रोल मी देतो तिथे. त्यांच्या बाई पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. बिल वीस दिवसांत निघतं, आणि निघालं नाही तर साहेब स्वतः फोन करून सांगतात." कंपनीचं इतकं चांगलं वर्णन मी कुठल्या जाहिरातीत वाचलेलं नाही. जो माणूस बाहेरच्याचे पैसे अडवून ठेवत नाही, तो आतल्याला सहसा छळत नाही. निदान माझा हिशोब बरोबर निघाला.

दोन मुलाखती झाल्या, मेच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफर लेटर आलं. इथे थोडं थांबून आकडे बघा. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक आकड्यात, कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, म्हणून हातात किती येणार ते कागदावर विचारा. कमी पगारावरून २१,००० च्या वर जात असाल तर पुढे ईएसआयसीचं छत्र सुटतं, मग मेडिक्लेम आहे का, त्यात आईवडील बसतात का, हे सही करण्याआधी. मी मेडिक्लेमचं विचारायला लाजले आणि सासऱ्यांच्या मोतीबिंदूचा खर्च खिशातून केला.

राजीनामा २७ मेला मेलने दिला, ऑफर लेटर हातात आल्यावरच. साठ दिवसांची नोटीस म्हणजे शेवटचा दिवस २६ जुलै. नोटीसचा काळही नोकरीतच धरला जातो, त्यामुळे पाच वर्षं त्यातच पूर्ण झाली. साहेब म्हणाले, "मी राजीनामा स्वीकारत नाही." मी घाबरले. एचआरमधल्या ताईंनी समजावलं की मेलवर तारीख आहे, नोटीस पूर्ण करतेयस, मग झालं. मेलची प्रत मात्र स्वतःच्या खासगी मेलवर तेव्हाच पाठवून ठेवा. ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो.

ॲडमिनवाल्यांनी सगळ्यात जपायचं ते हँडओव्हर. कपाटांच्या किल्ल्या, कंपनीचे शिक्के, पेटी कॅशची शिल्लक, चेकबुकाचं रजिस्टर, एएमसीच्या तारखा, व्हेंडरची थकीत बिलं. प्रत्येकाची यादी, खाली "मिळाले" अशी सही आणि तारीख. पेटी कॅश अकाउंट्सच्या माणसासमोर मोजून. मी गेल्यावर तीन आठवड्यांनी फोन आला की एक शिक्का सापडत नाही. यादीतला नववा क्रमांक, कुणाची सही ते सांगितलं. पुन्हा फोन आला नाही. जुलै असल्यामुळे फॉर्म बीसुद्धा मीच भरून निघाले. साहेबांसाठी नव्हे, त्या इमारतीत माझी माणसं बसत होती म्हणून.

बाकी कागद भराभर सांगते. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र घ्या. ग्रॅच्युइटीसाठी अर्ज भरा (मी भरला तेव्हा तो फॉर्म आय होता), देय झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरवर, ट्रान्सफर करा. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर आपल्यालाच टाकता येते. मला टाकावी लागली. आणि जुन्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला लेखी कळवा (तेव्हा त्यासाठी फॉर्म १२बी होता), नाहीतर मार्चनंतर टॅक्स एकदम अंगावर येतो.

नव्या ऑफिसात रुळायला मला तीन महिने लागले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा यायचा. एकदा त्यांनी फक्त चहा सांगायला बोलावलं होतं आणि मी वही, पेन, मागच्या महिन्याची बिलं घेऊन उभी. ते म्हणाले, "बसा हो." सप्टेंबर २०२४ अखेर स्वारगेटपर्यंत मेट्रो आली, तेव्हापासून जाण्यायेण्यातही जीव राहतो.

मागच्या महिन्यात एका अनोळखी मुलीचा फोन आला. भोसरीच्या ऑफिसातल्या सिक्युरिटीच्या दादांकडून तिने माझा नंबर मिळवला होता. माझ्यानंतर आलेलीनेही सोडलं होतं. तिने विचारलं, "मॅडम, ही जागा रिकामी का होते?" मी जे आहे ते सांगितलं. तोंडी काही करू नकोस, गुरुवारी सुट्टी असते, पगार एक तारखेला होतो, साहेब ओरडतात. तिने सगळं ऐकून घेतलं. ती भोसरीतच राहते, ऑफिस चालत दहा मिनिटांवर, आणि घरी सात महिन्यांचं बाळ. तिने ती नोकरी घेतली.