मॅग्नेशियमला ‘डाय’ का लागत नाही

अकरावीच्या पहिल्याच चाचणीत मी ‘मॅग्नेशियम डायक्लोराइड’ लिहिलं आणि त्याच्याच खाली एन टू ओ फोरला ‘नायट्रोजन ऑक्साइड’. दोन्हीला शून्य. दहावी बार्शीला, मराठी माध्यमातून. विज्ञानात कधी मार मिळाला नव्हता. त्या दिवशी सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीवर येऊन मेसचा डबासुद्धा उघडला नाही. ‘पेपर इंग्रजीत होता म्हणून गेले मार्क’ अशी स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती. प्रश्न संयुगांच्या नावांचा होता. जिथे आकडा नको तिथे मी घातला होता (‘डाय’ म्हणजे दोन) आणि हवा तिथे गाळला होता. ही गफलत मराठीतूनही तशीच झाली असती.

तुम्हीही याच वाटेने पुण्यात आला असाल तर आधी एक दिलासा. वर्गात तीन दिवस ‘कोव्हॅलंट, कोव्हॅलंट’ चाललं होतं आणि तो आपला जुना सहसंयुज बंध आहे हे मला चौथ्या दिवशी कळलं. मराठी शब्द टाकून देऊ नका. संयुजा म्हणजे अणूची जोडले जाण्याची क्षमता. ‘सह’ म्हणजे मिळून. इंग्रजीतला ‘को’ही तेच सांगतो. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवतात ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली आणि तिला हे इंग्रजी नाव १९१९ मध्ये लँगम्युअर यांनी दिलं.

आमचे सर याला ‘भागीदारी’ म्हणायचे. मला ते पटलं आमच्या टेबल फॅनमुळे. आम्ही दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून जुना बाजारातून तो आणला. पण रात्री त्याचं तोंड नेहमी माझ्या रूममेटकडे असायचं, कारण प्लग त्याच्या उशाशी. पंखा दोघांचा, वारा त्याला जास्त. हायड्रोजन क्लोराइडमध्ये क्लोरीन हेच करतो: जोडी सामाईकच, पण ओढलेली स्वतःकडे. विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन ओढायची ताकद, जास्त असलेल्याकडे. हा ध्रुवीय सहसंयुज बंध.

असे बंध कागदावर दाखवायला इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यांची रचना काढतात. ती काढताना चित्र आधी आणि हिशोब नंतर केलात की फसलात. कार्बन डायऑक्साइड घ्या. कार्बनचे ४ संयुजा इलेक्ट्रॉन (सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले), दोन ऑक्सिजनचे ६-६, एकूण १६. हा आकडा कोपऱ्यात लिहून गोल करा. कार्बन मध्ये ठेवून दोन्हीकडे एकेरी बंध काढा, एका बंधाला दोन इलेक्ट्रॉन: ४ गेले, उरले १२. ते दोन्ही ऑक्सिजनभोवती सहा-सहा मांडले की गंगाजळी संपली, आणि कार्बनभोवती मात्र चारच. अष्टक, म्हणजे अणूभोवतीचे आठ इलेक्ट्रॉन, अपुरं. इथे मी हमखास आणखी चार ठिपके ‘कुठून तरी’ आणायचो. आणायचे नसतात. प्रत्येक ऑक्सिजनची एकेक मोकळी जोडी बंधात सरकवायची. दोन दुहेरी बंध होतात आणि बेरीज १६च राहते. अष्टक म्हणजे काही कायदा नव्हे हेही लगेच ऐकून ठेवा: बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉन ६ वर भागवतो, सल्फर हेक्साफ्लुओराइडमध्ये सल्फरभोवती १२ असतात.

आता नावं. अप्पा बळवंत चौकातून मी एक जुनं गाईड घेतलं होतं. त्यात नावात लावायच्या आकड्यांचा मोनो (एक), डाय (दोन), ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा असा दहापर्यंतचा तक्ता होता. तो पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण मग मी तो सगळ्यांनाच लावत सुटलो. आधी बघायचं ते जोडीत कोण आहे हे. मॅग्नेशियम धातू, त्याचा भार अधिक दोन. क्लोराइडचा वजा एक. मग दोन क्लोराइड लागणार हे नावात सांगायची गरजच नाही, म्हणून नुसतं मॅग्नेशियम क्लोराइड. लोहासारख्या धातूला दोन भार शक्य असतात, तिथे भार रोमन आकड्यात लिहितात, पण ‘डाय-ट्राय’ तरीही नाही.

दोन अधातू एकत्र आले की असा हिशोब चालत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचंच बघा: एन टू ओ, एन ओ, एन ओ टू, एन टू ओ थ्री, एन टू ओ फोर, एन टू ओ फाइव्ह. सहाही खरी, वेगवेगळी संयुगं. माझ्या ‘नायट्रोजन ऑक्साइड’ने यातलं नेमकं कोणतं घ्यायचं? एन टू ओ फोरचं नाव डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. ‘टेट्रा’चा शेवटचा ‘आ’ ऑक्साइडपुढे गळतो. पहिल्या मूलद्रव्याला ‘मोनो’ कधीच लावत नाहीत, दुसऱ्याला लावतात. विद्युतऋणता कमी असलेलं सहसा आधी, म्हणून सल्फर डायऑक्साइड. आणि फ्लुओरीनपुढे ऑक्सिजनचंही चालत नाही, म्हणून ऑक्सिजन डायफ्लुओराइड. पाणी आणि अमोनिया या तक्त्यात बसवत बसू नका. त्यांची जुनी नावंच चालतात.

सरावाला मी वहीत सूत्राच्या आधी एकच अक्षर लिहायचो: ‘धा’ किंवा ‘अ’. ‘अ’ असेल तरच तक्ता उघडायचा. दोन आठवड्यांत अक्षर लिहायची गरज संपली.

‘मोनो’चं महत्त्व मात्र आम्हाला न्हाणीघराने शिकवलं. तिथे गॅस गिझर होता आणि दारावर मालकांची पाटी: ‘गिझर चालू असताना खिडकी बंद करू नये. सूचना पुन्हा दिली जाणार नाही.’ हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ना रंग, ना वास, आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो. एक ऑक्सिजन कमी, एवढाच सूत्रातला फरक. रूममेटने पाटीखाली पेन्सिलने लिहिलं, ‘नाहितर डायचा मोनो होतो.’ मालक रागावतील असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ओळ तशीच होती, फक्त ‘नाहितर’मधला ‘हि’ लाल पेनाने दीर्घ केलेला.