भूकंप आणि वाऱ्याचं अ‍ॅनालिसिस करताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरी असो की फुलेवाडी, नवीन बिल्डिंग म्हटली की खाली मोकळं पार्किंग आणि वर पाच मजले. डिझाईनच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये मात्र नुसते बीम, कॉलम, स्लॅब. भिंतींचं वजन बीमवर टाकतात पण त्यांचा ताठरपणा कुणी धरत नाही, मग वरचे मजले ताठ आणि पार्किंगचा मजला लवचिक हा खरा धोका स्क्रीनवर दिसतच नाही.

मध्यंतरी एक नवीन पोरगा अशीच फाईल घेऊन आला, म्हणाला, "सर, सगळं पास झालंय." मी आधी पिरियड, म्हणजे बिल्डिंगला एकदा हलून परत यायला लागणारा वेळ, विचारला. सॉफ्टवेअरनं १.४ सेकंद दिलेला, ह्यानं तोच धरलेला. उंची १८ मीटर, त्या दिशेची लांबी १६ मीटर, विटांच्या भिंती धरल्या तर भूकंपाच्या कोडप्रमाणं (आयएस १८९३) ०.०९ गुणिले १८ भागिले १६ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.४ सेकंद. मध्यम जमिनीला त्यावर भूकंपाच्या जोराचा गुणांक २.५ येतो, ह्यानं घेतलेला एकच्याही आत! डायनॅमिक अ‍ॅनालिसिसचा बेस शिअर, म्हणजे पायाशी येणारा भूकंपाचा एकूण आडवा जोर, कमी आला तर कोडच्या पिरियडवाल्याएवढा स्केल करून वाढवायचा असतो, तेही केलं नव्हतं. वर म्हणतो, "कोल्हापूर भूकंपाच्या झोन ३ मध्येच आहे की, मध्यम धोक्याच्या." अरे, २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादही झोन ३ मध्येच होतं, भूकंपाचं केंद्र दोनशे किलोमीटरच्या पुढं कच्छमध्ये, तरी तिथल्या पार्किंगवाल्या बिल्डिंगा खाली बसल्या आणि माणसं गेली. कोयनेचा भूकंपाचा पट्टा तर आपल्याला किती जवळ!

मी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी बेस शिअर कागदावर काढतो, आणि मग वरच्या भिंती तिरक्या स्ट्रटनं, म्हणजे भिंतीच्या जागी धरलेल्या तिरप्या दांड्यानं, मॉडेलमध्ये घालतो. पार्किंगचा मजला किती हलतो ते लगेच कळतं, आणि तिथं शिअर वॉल, म्हणजे आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत, दिल्याशिवाय मी पुढं जात नाही. बिल्डर म्हणतो गाडी वळत नाही, तर कॉलमची जागा बदला, पण वॉल काढू नका.

लाईव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला ३ किलोन्यूटनपर्यंत असेल तर भूकंपाच्या वजनात २५ टक्केच धरा, गच्चीचा शून्य. वारा आणि भूकंप एकाच लोड कॉम्बिनेशनमध्ये बेरजेला घेऊ नका.

शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या शेडवाल्यांनो, वाऱ्याच्या आतल्या दाबाचा गुणांक ०.२ हा सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट तसाच ठेवू नका. ट्रक आत घ्यायला मोठं शटर असतं आणि वळवाचा वारा सुटतो तेव्हा ते नेमकं उघडं असतं. भिंतीचा २० टक्क्यांहून जास्त भाग उघडा राहणार असेल तर ०.७ घ्यावा लागतो, कारण वारा आत शिरून पत्रा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, दोन्ही एकदम. एवढं करून पत्रा धरणारे जे-हुक आणि पर्लिनचे (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांचे) बोल्टही त्याच आकड्याला तपासा, घाईत सगळे फक्त ट्रस (छताची कैची) बघतात.