वैनगंगेकाठी बदली होऊन आलेल्यांसाठी

माझं मूळ गाव सांगली जिल्ह्यात. नोकरीनिमित्त झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात आलो आणि इथलाच झालो. ब्रह्मपुरी-वडसा भागात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, नर्सताईंना पहिली गोष्ट सांगतो: इथला पूर आपल्या गावावरचं आभाळ बघून ओळखू नका.

ऊन पडलेलं असतं आणि नदी शेतात शिरते, कारण पाऊस झालेला असतो वर, शिवनी-बालाघाटकडे. ऑगस्ट 2020च्या अखेरीस असंच झालं. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी खाली आलं, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं पाण्यात गेली. म्हणून पावसाळ्यात इथं पारावर पहिला प्रश्न असतो, "गोसीचे किती गेट उघडले जी?" तुम्हीही विचारत जा. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं, त्यामुळे गावाची वाट बरेचदा आधी नाल्यावरच बंद होते. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, हजेरी बुडाली तरी चालेल.

पोलीस पाटील आणि कोतवालाला पहिल्याच आठवड्यात भेटा, नंबर द्या. रात्री दवंडी देताना भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा माणूस सहज सुटतो. घरमालकाला विचारा, 2020 ला पाणी कुठवर होतं? भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. दाखले, रजिस्टर, तांदूळ त्याच्या वर ठेवा. दिवस भरत आलेल्या बायका कोण, हे आशाताईंना माहीत असतं. वाट बंद व्हायच्या आधी त्या बायकांना तालुक्याला हलवायला मदत करा.

आभाळातल्या विजेची मला पुरापेक्षा जास्त धास्ती वाटते. रोवणीच्या, म्हणजे धानलावणीच्या दिवसांत माणसं बांधीत (धानाच्या शेतात), पाण्यात उभी असतात आणि गडगडाट झाला की मोहाच्या झाडाखाली धावतात. तेच करायचं नाही. पक्कं घर गाठायचं. जवळ नसेल तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. मोबाईलमध्ये 'दामिनी' ॲप घ्या आणि इशारा आला की शेजाऱ्यांना हाक मारा.

जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, रुग्णवाहिका 108. पाणी ओसरल्यावर घरात आधी काठी फिरवा, मगच पाय ठेवा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.