चिनी विद्यार्थ्याला ‘कन्व्हीनियंट’ कसा शिकवावा

अर्थ सांगण्यात वेळ घालवू नका. मँडरिनमधला, म्हणजे प्रमाण चिनी भाषेतला, ‘फांगब्येन’ (सोयीचा) आठवून द्या, काम झालं. झटपट नूडल्सना तिकडे ‘फांगब्येनम्येन’च म्हणतात.

उच्चारात जोर ‘व्ही’वर. प्रमाण मँडरिनमध्ये हा ध्वनी नाही, म्हणून वरचे दात खालच्या ओठाला लावून दाखवा.

आता खरी मेहनत. ‘दोन्ही शब्द समानार्थी, पाठ करा’ असं चुकूनही सांगू नका. मँडरिनमध्ये ‘नी फांगब्येन मा?’ (शब्दशः ‘तू सोयीचा आहेस का?’) हे शुद्ध आणि सभ्य वाक्य आहे, पण त्यात ‘सोयीचा’ असतो तो समोरचा माणूस. तीच रचना इंग्रजीत उतरली की ‘इफ यू आर कन्व्हीनियंट, प्लीज कॉल मी’ असं चुकीचं वाक्य होतं. मराठी शिक्षकाला ही अडचण पटकन दिसत नाही, कारण आपण मुळातच ‘तुम्हाला सोयीचं आहे का?’ असं विचारतो आणि ‘फॉर यू’ आपसूक येतं. चिनी विद्यार्थ्याला ते येत नाही. अर्थ कितीही वेळा समजावला तरी येत नाही, कारण अर्थ त्याला आधीच कळलेला असतो.

म्हणून कर्त्यावरच बोट ठेवा. सोयीचं काय? शुक्रवार? मग ‘इज फ्रायडे कन्व्हीनियंट फॉर यू?’ हॉटेल? ‘द हॉटेल इज कन्व्हीनियंट फॉर द स्टेशन.’ बरीच पुस्तकं ‘इट इज कन्व्हीनियंट’पासून सुरुवात करतात. मला ते साफ चुकीचं वाटतं. ‘इट’ म्हणजे नेमकं काय हे विद्यार्थ्याला दिसत नाही आणि तो पुन्हा ‘यू’कडे वळतो. आधी वार, वेळ, जागा पक्क्या करा, ‘इट’ नंतर. आणि माणसालाच कर्ता करायचं असेल तर सरळ ‘आर यू फ्री?’ द्या.

नकारार्थी रूपाला वेगळा तास ठेवाच. पाय दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मँडरिनमध्ये ‘बू फांगब्येन’ म्हणतात, हातात पैसे नसले तरी तेच. ‘माय ग्रँडफादर इज इनकन्व्हीनियंट’ ऐकणाऱ्याला आजोबांची अडगळ झालीय असं वाटतं, आणि विद्यार्थी तर काळजीनं बोलत असतो. इथे हे विशेषण सोडूनच द्यायला लावा: ‘ही हॅज ट्रबल वॉकिंग’, ‘आय अ‍ॅम शॉर्ट ऑफ मनी’.

‘सोयीस्कर विसरला’मधली खोच इंग्रजीच्या ‘कन्व्हीनियंटली फरगॉट’मध्ये आहे, ‘फांगब्येन’मध्ये नाही. ‘फॉर यू’ न अडखळता यायला लागल्याशिवाय तिकडे वळू नका.