धाब्यावर चढायची शिडी: लावायची कशी, चढायचं कसं

आमच्या चोपडा तालुक्यात जुनी माणसं शिडीला निसणी म्हणतात. आमच्या घरची निसणी बांबूची, सोळा फुटी. चैत्र लागला की ती पडवीतून बाहेर निघते, ती मृगाचा पाऊस पडेपर्यंत आत जात नाही. बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड, लाल मिरची, सगळं वाळवण धाब्यावर, घराच्या सपाट छतावर. म्हणजे हे दोन-अडीच महिने घरात शिडीवर सगळ्यात जास्त कोण चढतं, तर बायका. पण शिडी लावायची कशी हे आम्हाला कुणी शिकवत नाही. घरातला पुरुष सकाळी लावून देतो आणि शेतात निघून जातो. दुपारी सावली बघून आम्हीच ती उचलतो आणि जमेल तशी दुसरीकडे टेकवतो.

मी अशीच टेकवली होती, दहा वर्षांपूर्वी. ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर पाणी सांडलेलं होतं, ते पाहिलंच नाही. एका हातात बिबड्यांच्या घाट्याचं, म्हणजे शिजवलेल्या पिठाचं, पातेलं होतं. चौथ्या पायरीवर गेले आणि खालून शिडीचे पाय सुटले. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. त्या वर्षीच्या सगळ्या बिबड्या जावेनं केल्या. तेव्हापासून शिडी मी स्वतः लावते, आणि घरात आलेल्या प्रत्येक सुनेला आधी हे शिकवते.

पहिली गोष्ट कलाची. उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा शिडीचा पाय भिंतीपासून लांब हवा. आमचं धाबं बारा फूट, म्हणजे आठ हात. पाय दोन हात लांब. याहून जवळ ठेवला तर वर गेल्यावर शिडी आपल्यासकट मागे येते. लांब ठेवला तर पाय सरकतात आणि बांबू मधोमध लवतो. मोजायला काही नसलं तरी अडत नाही. शिडीच्या पायाला पायाची बोटं लावून ताठ उभं राहायचं आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर सरळ करायचे. तळवे समोरच्या पायरीवर नीट टेकले तर कल बरोबर. वाकावं लागलं तर शिडी फार पडती आहे, कोपर दुमडलं तर फार उभी.

दुसरं, शिडीचं वरचं टोक कठड्याच्या वर दोन हात तरी निघालं पाहिजे. धाब्यावर पाऊल टाकताना धरायला तेवढंच असतं. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच क्षणाची, एक पाय शिडीवर आणि एक पाय धाब्यावर. बारा फुटांच्या धाब्याला बारा फुटांची शिडी म्हणूनच चालत नाही, सोळा फुटी लागते. वरचं टोक कठड्याच्या खुंटीला सुंभानं बांधून टाकायचं. पहिल्यांदा बांधायला जो वर जाईल, त्याच्यासाठी खाली कुणीतरी दोन्ही उभे बांबू धरून ठेवायचे.

अंगणात माती असेल तर दोन बोटं खोल खड्डे करून शिडीचे पाय त्यात बसवायचे. फरशी असेल तर आधी ती कोरडी पुसायची. शिडीच्या पायांना सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे तारेनं आवळून बांधा, फरशीवर पकड येते. खाली गोणपाट मात्र घालू नका, फरशीवर ते शिडीसकट घसरतं. शिडी दारासमोर लावली असेल तर दाराला आतून कडी.

आता चढणं. चपला ओल्या असतील तर काढून ठेवायच्या. निऱ्यांचा घोळ वर घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, काठ घोट्याच्या वीतभर वर आला पाहिजे, पदर पाठीमागून आणून खोचायचा. चढताना निऱ्या पायाखाली येतात आणि उतरताना साडीच्या फुग्यानं खालची पायरी दिसत नाही. सुना पंजाबी ड्रेस घालतात, त्यांनी ओढणी खालीच ठेवावी. तोंड कायम शिडीकडे, उतरतानासुद्धा. दोन हात आणि दोन पाय, या चारांतले तीन सतत शिडीला लागलेले हवेत.

म्हणूनच हातात काही घेऊन चढायचं नाही. परात नाही, पातेलं नाही, कडेवर पोर तर नाहीच नाही. आमच्याकडे कठड्याच्या खुंटीला पंधरा हात दोर कायम बांधलेला असतो. आधी एकीनं रिकाम्या हातानं वर जायचं, मग कडीच्या बादलीत घाटा भरून, वर ओला फडका झाकून, दोरानं ओढून घ्यायचा. बादली वर जाताना खाली कुणी उभं राहायचं नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत खालून एकच सांगायच्या, "धरीसन चढ व माय." म्हणजे धरून चढ गं बाई. दोन्ही हात मोकळे असले तरच धरता येतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचे झोके बांधायचे असतात, तेव्हा हीच शिडी निंबाला लागते. गोल खोडावर शिडीची वरची पायरी नुसती टेकवली तर शिडी डावी-उजवीकडे फिरते. शिडीच्या वरच्या टोकाशी दोन्ही बांबूंच्या मधे जाड दोराचे दोन-तीन वेढे ताणून बांधा, खोड त्या दोरात बसतं आणि शिडी हलत नाही. शेवग्याला शिडी कधीच लावू नका. लाकूड इतकं ठिसूळ की मनगटाएवढी फांदीही कडकन मोडते. शेंगा खालून आकडीनं काढाव्यात.

विजेच्या तारेजवळ कुठलीच शिडी नको. ॲल्युमिनियमची तर नकोच, आणि ओल्या बांबूतूनही करंट येतो. घरावर आलेली सर्व्हिस वायर कुठून जाते हे आधी मान वर करून पाहायचं. शिडी एका जागेवरून दुसरीकडे नेताना आडवी धरून, दोघींनी.

घरातल्या ट्यूबलाइटला, पंख्याला, दिवाळीच्या जाळ्याजळमटांना रंगाऱ्यांकडे असते तशी घोडी घ्यावी. ती पूर्ण उघडायची आणि सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. ॲल्युमिनियमची घोडी हलकी असते, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा उन्हात राहिलेल्या घोडीला हात लाववत नाही. दुपारी सावलीत ठेवा.

बांबूची शिडी विकत घेताना बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का आणि हिवाळ्यात तोडलेला आहे का हे विचारा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत गोडवा राहतो आणि त्याला भुंगा लागतो, जमिनीवर पिवळं पीठ पडायला लागतं. वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा. ऑइल पेंट देऊ नका, त्याखाली चीर दिसत नाही. काम झालं की भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडवी टांगायची, उन्हापावसात उभी सोडायची नाही. दरवर्षी वापरायच्या आधी प्रत्येक पायरी हातानं पिळून बघा. उभ्या बांबूला लांब चीर गेली असेल तर खिळे मारून जोडू नका, खिळ्यानं ती आणखी फाकते.

अशी चीर गेलेली शिडी मी परसात आडव्या काठ्यांना बांधून गिलक्यांच्या वेलाला देते. देण्याआधी तिच्या खालच्या चार पायऱ्या काढून टाकते, नाहीतर पोरं चढतात.