वरच्या कप्प्यात रुमाल टाकता येत नाही: विमानाच्या हँडबॅगेची तयारी

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट धरली गेली, हा हिशेब विमानातल्या वरच्या कप्प्याला लागत नाही. कप्प्याखाली सीटचे आकडे असतात ते सीट शोधण्यासाठी. कप्पा कुठल्याच सीटच्या नावावर नसतो, आधी आलेल्याची बॅग आत जाते. 'माझ्या सीटच्या वर तुमची बॅग कशी?' या प्रश्नावरून निम्मी भांडणं लागतात, आणि प्रश्नच चुकीचा असल्यामुळे ती सुटत नाहीत. तेव्हा तयारी घरूनच करायची. वरचा कप्पा मिळाला नाही, किंवा दारातच बॅग काढून घेतली, तरी आपलं काही अडता कामा नये.

तिकीट काढल्या काढल्या विमान कोणतं आहे ते बघून घ्या. बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, पण कुणी वाचत नाही. सोलापूरचंच घ्या. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 2023 च्या जूनमध्ये पाडली आणि त्यानंतर दोन वर्षांनी, 9 जून 2025 ला, होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. ही विमानं लहान, एटीआर 72 किंवा एम्ब्रेअर 175 जातीची, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा. एटीआरचे वरचे कप्पे इतके उथळ की दुकानदाराने 'केबिन साइज' म्हणून विकलेली कडक ट्रॉली त्यात बसेलच असं नाही. मग ती शिडीपाशी टॅग लावून पोटात टाकतात. पुण्याहून किंवा हैदराबादहून एअरबस 320 पकडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे 180 च्या आसपास माणसं बसतात. नव्या खोल कप्प्यांत ट्रॉली कडेवर उभी राहते, जुन्यांत आडवीच ठेवावी लागते आणि मग तीन-चार बॅगांत कप्पा संपतो. लहान विमान असेल तर ट्रॉली घरी ठेवून मऊ सॅक घ्या, ती दाबली की बसते. आधी लहान आणि पुढे मोठं असा जोडप्रवास असेल, तर माप लहान विमानाचं धरायचं.

आता वजन. बहुतेक भारतीय कंपन्यांची इकॉनॉमीतली हँडबॅगेची मर्यादा 7 किलो आणि माप 55 × 35 × 25 सेंटिमीटर, म्हणजे तिन्ही बाजू मिळून 115. तुमच्या तिकिटावर वेगळं छापलं असेल तर तेच खरं. माप चाकं आणि हँडल धरून घ्यायचं. ट्रॉलीला फुगवायची जादा चेन असते, ती उघडली की जाडी सहज 4-5 सेंटिमीटरने वाढते आणि काउंटरजवळच्या मापाच्या चौकटीत बॅग अडकते. ती चेन बंदच ठेवा. हिशेब करून बघा: रिकामी कडक ट्रॉली 2.8 किलो, लॅपटॉप आणि चार्जर 2 किलो, दोन जोड कपडे 1.4, साबण-दाढीची पिशवी अर्धा किलो. झाले 6.7. उरलेल्या 300 ग्रॅममध्ये शेंगाचटणीचं अर्ध्या किलोचं पाकीटही बसत नाही. तेच सामान 900 ग्रॅमच्या सॅकमध्ये भरलं तर जवळजवळ 2 किलो जागा सुटते. 7 किलोच्या मर्यादेत 2.8 किलोची ट्रॉली घेणं म्हणजे पोत्याच्या वजनाचा धान्याचा पैसा भरणं.

वजनाला हुकाचा डिजिटल काटा चांगला. तो नसेल तर माणसाच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग बॅग हातात घेऊन, आणि वजाबाकी करा. नुसती बॅग त्या काट्यावर ठेवली तर कमी वजनाला आकडा भरवशाचा येत नाही. वजन निघायच्या रात्री करायचं, कारण चार्जर, पाण्याची बाटली आणि शेजारच्या काकूंनी मुलीसाठी दिलेला डबा हे सगळं शेवटच्या तासात आत जातं. काट्यावर 6.5 दिसलं तर ठीक, 6.9 दिसलं तर काहीतरी काढा. दोन काट्यांत तेवढा फरक पडतोच. आणि घरातले पाच जण मिळून 35 किलो असा हिशेब हँडबॅगेला चालत नाही, ती बॅगेगणिक मोजतात. एका तिकिटावरच्या चेक-इन, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या, सामानाचं वजन मात्र बऱ्याच कंपन्या एकत्र धरतात, फक्त एक नग 32 किलोच्या वर नको.

केबिनमध्ये माणशी एकच हँडबॅग, हा नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा नियम. बाईमाणसाची पर्स किंवा लहान लॅपटॉप बॅग सोबत चालते, तीही कंपनीने सांगितलेल्या वजनात. डीजीसीए, म्हणजे विमानसेवांवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या जुन्या परिपत्रकात हँडबॅगेशिवाय चालणाऱ्या वस्तूंची यादी आहे. तीत छत्री आहे, काठी आहे, वाचायला थोडी पुस्तकं आहेत, बाळाचं खाणं आहे आणि एक ब्लँकेटही आहे. सोलापूरकराने हे लक्षात ठेवावं: हातावर घडी घातलेली एक चादर नियमाच्या भाषेत ब्लँकेटच आहे. पण एकच. दुकानाच्या पिशवीत बांधलेल्या चार चादरी म्हणजे दुसरी बॅग, आणि दारावरचा कर्मचारी ती तशीच मोजणार. भेटीच्या चादरी आणि टॉवेल चेक-इनमध्ये टाका. ते फुटत नाहीत, सांडत नाहीत, उलट बरण्यांभोवती गुंडाळायला उपयोगी पडतात.

खाण्याच्या वस्तूंवरून खरी अडचण सुरक्षा तपासणीत होते, आणि तिथे उशीर झालेला माणूस चिडूनच विमानात चढतो. शेंगाचटणी कोरडी असली तरी तिखट पूड आहे. हँडबॅगेत ती अडू शकते, आणि निर्णय तिथल्या जवानाचा. चेक-इनमध्ये टाका, पाकिटावर दुसरी पिशवी चढवून, कारण दाण्याचं तेल सुटतं आणि कपड्यांवर पिवळा डाग राहतो. लोणचं आणि तूपही चेक-इनमध्येच. सुकं खोबरं कशातच घेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. ओटीत खोबऱ्याची वाटी हौसेने दिली जाते आणि तपासणीत काढून ठेवावी लागते, तेव्हा देणाऱ्याला आधीच सांगा. डाळिंबं चालतात, पण एक फळ सहज पाव किलो भरतं. चार घेतली की किलो गेला.

खाण्यातली कडक भाकरी ही एकच वस्तू हातातच न्यावी अशी. चेक-इनच्या पट्ट्यावर बॅगा आपटतात आणि भाकरीचा चुरा होतो. पण वर्तमानपत्रात बांधलेली चवड वरच्या कप्प्यात ठेवली, तर पाच मिनिटांत कुणाची तरी ट्रॉली तिच्यावर येऊन बसते. त्या माणसाला कागदाचं पुडकं दिसतं, आत भाकरी आहे हे कसं कळणार? आधी 'कर्र' आवाज होतो, मग शब्दाला शब्द लागतो. भाकऱ्या पसरट झाकणाच्या डब्यात घाला, वर-खाली कागदाची घडी ठेवा म्हणजे त्या आत हलणार नाहीत, आणि डबा सॅकमध्ये पाठीच्या बाजूला उभा लावा. सॅक समोरच्या सीटखाली, पायाशी. तिथे तिच्यावर काही येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पिशवी. ओंजळीत मावेल एवढी, बॅगेच्या तोंडाशी, अर्ध्या मिनिटात ओढून काढता येईल अशी. तिच्यात औषधं, चष्मा, ओळखपत्र, घराच्या किल्ल्या, दागिने, पैसे, पॉवर बँक आणि सुटी बॅटरी. दारात बॅग घेतली की ही पिशवी हातात राहते. पॉवर बँक विमानाच्या पोटात चालतच नाही, म्हणून ती बॅगेत विसरली तर बॅग परत उघडायला लावतात, आणि शिडीवर मागे चाळीस माणसं खोळंबतात. 100 वॉट-तासांपर्यंतची चालते. 20,000 एमएएचची साधारण 74 भरते, म्हणजे बसते. आकडे पुसलेली पॉवर बँक घेऊ नका, तपासणीत अडते. आणि ती वरच्या कप्प्यात ठेवू नका. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात बुसानजवळ उभ्या विमानाला आग लागली, ती वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेमुळे लागली असावी असं तपासात म्हटलं गेलं. हातापाशी असली तर तापलेली लगेच कळते.

निघण्याआधी एक परीक्षा घ्या: भरलेली बॅग उचलून फ्रिजवर ठेवा. ठेवता आली नाही तर ती चेक-इनमध्ये द्या. प्रत्येकाची बॅग उचलून देणं हे क्रूचं काम नाही, आणि डोक्यावरून निसटलेली 7 किलोची बॅग खाली बसलेल्याच्या मानेवर येते.

गेटवर ट्रॉलीवाल्याने आपला गट पुकारल्याबरोबर उठावं. सॅकवाल्याने बसून राहिलं तरी चालतं. कर्मचारी स्वतःहून बॅगा खाली द्यायला सांगत असतील आणि उतरल्यावर घाई नसेल तर देऊन टाका, तशा वेळी सहसा पैसे पडत नाहीत. मात्र दोन गोष्टी विचारा: बॅग शिडीपाशी मिळणार की पट्ट्यावर, आणि पुढचं विमान असेल तर टॅग शेवटच्या गावाचा लावलाय का. वजन जास्त भरलं तर पैसे भरा किंवा जाकीट अंगात घाला, पण हुज्जत घालू नका. 2025 च्या जुलैत श्रीनगरला 16 किलोच्या हँडबॅगांवरून सुरू झालेला वाद कर्मचाऱ्यांना मारहाण आणि पोलिसांत गुन्हा इथपर्यंत गेला. डीजीसीएच्या 2017 च्या नियमांत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ पहिल्याच पायरीत येते, आणि तिला 3 महिन्यांपर्यंत विमानबंदी आहे.

आत गेल्यावर आपल्या सीटच्या मागचा कप्पा शक्यतो टाळा. उतरताना मागे जायचं म्हणजे पुराविरुद्ध पोहणं. समोरच्या बाजूला, एक-दोन ओळी पुढचा कप्पा घ्या, बसल्या जागेवरून बॅग दिसत राहते. खोल कप्पा असेल तर चाकं आत, कडेवर उभी. अर्धी भरलेली पाण्याची बाटली बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवून वर टाकू नका, ती आडवी होऊन गळते आणि खालच्याच्या डोक्यावर ठिबकते. काही कप्प्यांत ऑक्सिजन आणि औषधांची पेटी असते. तसं लिहिलेलं असलं तर तिथे जागा दिसली तरी हात लावू नका. पहिली ओळ किंवा आपत्कालीन दाराची ओळ घेतलीत, तर पायाशी काहीच ठेवता येत नाही, पर्ससुद्धा वर जाते. जादा पैसे देऊन ही सीट घेणाऱ्यांना हे सीटवर बसल्यावर कळतं.

दुसऱ्याची बॅग न विचारता सरकवू नका. हात वर असतानाच मोठ्याने विचारा, "ही सॅक कुणाची? जरा उभी करू का?" पायाशी बसण्यासारखी असेल तर, "दादा, तुमची सॅक खाली घेता का? माझी ट्रॉली सीटखाली जात नाही." दहातले आठ जण घेतात. उरलेल्या दोघांशी आपण बोलायचं नाही, "मॅडम, जरा बघता का" म्हणून क्रूला बोलवायचं. कुठली बॅग कुठे जाईल हे सांगायचा अधिकार त्यांचा आहे. आपलं सोलापुरी 'काय बे' इथे आवरा. मित्राला त्यात माया वाटते, नाशिकच्या काकांना अपमान. आपली बॅग जागेवर दिसली नाही तर आधी पुढचे-मागचे दोन-दोन कप्पे बघा. क्रूने सरकवलेली असते.

चाकं टेकली की उठू नका. दार उघडायला वेळ लागतो आणि उड्डाणात सामान सरकलेलं असतं. कप्पा उघडताना एक हात फटीपाशी ठेवा, मग झाकण सोडा. आणीबाणीत बाहेर पडायला सांगितलं तर मात्र कप्पा उघडायचाच नाही. सगळं विमान 90 सेकंदांत रिकामं होईल असं प्रमाणित केलेलं असतं, ते हातात बॅगा नसतील हे धरून.

खाली दिलेली बॅग हातात आली की टॅगचा नंबर पावतीशी जुळवा. काळ्या ट्रॉल्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून हँडलला टॉवेलच्या काठाची रंगीत पट्टी आधीच बांधून ठेवा. चाक तुटलं, चेन फाटली असेल तर बाहेर पडायच्या आधी तिथल्याच सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई 20,000 रुपयांपर्यंतच मिळते. दागिने आणि रोकड कंपन्या सहसा त्यात धरत नाहीत.