आतल्या शांत आवाजालाही प्रश्न विचारा

‘मी रागावलेय’ आणि ‘माझ्यातलं कुणीतरी रागावलंय’ यांतला फरक कळायला मला बराच वेळ लागला. पतंजलींच्या योगसूत्रांत तो अगदी सुरुवातीलाच आहे: वृत्तिसारूप्यमितरत्र. एरवी द्रष्टा, म्हणजे आतला पाहणारा, वृत्तीचंच, म्हणजे मनात उठणाऱ्या विचार-भावनेचंच रूप घेऊन बसतो. रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ या उपचारपद्धतीत मनात अनेक ‘भाग’ असतात असं मानतात आणि यालाच भागाशी मिसळून जाणं म्हणतात.

हा फरक अनुभवायचा तर सुरुवात किरकोळ प्रसंगापासून करा. माझा असा: बहिणीचा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. मग रात्रभर आतून टोचणी, ‘तू स्वार्थी आहेस.’ डोळे मिटून ती टोचणी शरीरात कुठे आहे ते शोधा. माझी जबड्यात असते. आता विचारा: हिच्याबद्दल मला काय वाटतंय?

‘वैताग! गप्प बस एकदाची!’ असं आलं, तर बोलणारा दुसराच भाग आहे. त्याला हाकलू नका, थोडं बाजूला सरकायची विनंती करा. कधी सरकतो, कधी नाही. नाही सरकला तर आज त्याचंच ऐका. वैताग ओसरून कुतूहल उरलं, की टोचणीला विचारा, ‘तू थांबलीस तर काय होईल?’ माझी म्हणाली, ‘तू एकटी पडशील.’

खरी फसगत पुढे आहे. कित्येक महिने मी एका समजूतदार आवाजाला द्रष्टा मानत होते. ‘मी फक्त साक्षी आहे,’ म्हणायचा. पण टोचणी लवकर सुधारावी याची घाई त्यालाच होती! तोही भागच, फक्त नीटनेटक्या कपड्यांतला. योगातला सर्वांत अवघड विवेक हाच, सत्त्व (निर्मळ बुद्धी) आणि पुरुष (तोच द्रष्टा) यांतला: बुद्धी निर्मळ झाली की पुरुषासारखीच भासते. म्हणून शांत आवाजालाही विचारा, ‘तुला काय हवंय?’ उत्तर आलं, तर तो दृश्य आहे, म्हणजे पाहिला जाणारा; पाहणारा नाही.

पुरुष आणि श्वार्ट्झ यांचा ‘सेल्फ’, म्हणजे सगळ्या भागांपलीकडचा आपला गाभा, हे एकच, हे मात्र मला पटत नाही. पुरुष नुसता पाहतो. सेल्फ माया करतो, घर सांभाळतो. मी वेगळं व्हायला पतंजलींकडून शिकते, जवळ जायला श्वार्ट्झ यांच्याकडून.

जुनी, भीतीदायक आठवण उसळली तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकवा आणि थांबा. ते काम एकट्यानं करायचं नाही, थेरपिस्टसोबत करायचं. मीही तसंच केलं.